श्त्वानित्सेची अनामिका

सांघिक स्पर्धेत खेळाडूचे नाव घेताना देशाचे नावही घेतले जाते. जुलै १९८६ मध्ये प्रागला भरलेल्या फेडरेशन चषक स्पर्धेत एका खेळाडूपुरती ही रीत अर्ध्यावर थांबली. पंचांनी तिची ओळख 'अमेरिकेची महिला खेळाडू' एवढीच करून दिली, नाव गाळले. ते नाव साऱ्या टेनिसजगाला पाठ होते आणि गाळणाऱ्यांना तर त्याचा अर्थही कळत होता. चेक भाषेत 'नवरातिल' म्हणजे 'परतलेला'. मार्टिनाला हे आडनाव सावत्र वडिलांकडून मिळाले आणि स्त्रीलिंगी प्रत्यय लागून ते नवरातिलोवा झाले. अकरा वर्षांनी ती खरोखरच परतली होती. पण दुसऱ्या देशाकडून खेळायला.

टेनिसमध्ये देशाचे प्रतिनिधित्व करण्याचा मान स्त्रियांना उशिराच मिळाला. पुरुषांचा डेव्हिस चषक १९०० मध्ये सुरू झाला. स्त्रियांसाठीही तसे काही असावे, हा हेझल वाइटमन यांचा आग्रह. पण १९२३ मध्ये तो प्रत्यक्षात आला तो अमेरिका आणि ब्रिटन या दोनच देशांपुरता. सोळा देशांच्या संघांसह फेडरेशन चषक लंडनला सुरू झाला तो १९६३ मध्ये. (आज ही स्पर्धा बिली जीन किंग यांच्या नावाने ओळखली जाते.) मान मिळाला, तसे त्याबरोबरचे ओझेही आले. देशासाठी खेळणारीने देश सोडला, तर तिचे काय करायचे?

चेकोस्लोव्हाकियाने हा चषक प्रथम जिंकला तो १९७५ मध्ये, फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे. अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाच्या इव्हॉन गूलागाँगला हरवणारी मार्टिना तेव्हा १८ वर्षांची होती. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने न्यू यॉर्कमध्ये आश्रय मागितला. मायदेशीच्या वृत्तपत्रांतून तिचे नाव नाहीसे होऊ लागले. साहित्याच्या अभ्यासकांना येथे मिलान कुंदेरा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांनीही १९७५ मध्येच देश सोडला आणि १९७९ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यांच्या 'द बुक ऑफ लाफ्टर अँड फर्गेटिंग'च्या आरंभी अधिकृत छायाचित्रातून पुसून टाकलेला क्लेमेंटिस हा नेता भेटतो. मागे उरते ती त्याने दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेली टोपी. मात्र ही तुलना फार ताणता येणार नाही. छायाचित्रातला माणूस निमूटपणे पुसला जातो. श्त्वानित्से या व्ल्तावा नदीतील बेटावर, खास या स्पर्धेसाठी बांधलेल्या मैदानात, गाळलेल्या नावाची मालकीण हजारो लोकांसमोर सर्व्हिस करीत होती.

प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. समोर त्यांचा स्वतःचा संघ होता, १९८३ पासून सलग तीन वर्षे विजेता ठरलेला. तरीही टाळ्या तिला पडल्या. या टाळ्यांना १९८९ च्या सत्तांतराची रंगीत तालीम म्हणण्याचा मोह होतो. आम्हांला ते पटत नाही. तीन वर्षांनी काय घडणार आहे, हे त्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. पंचांनी न उच्चारलेले नाव आपण घ्यावे, एवढेच त्यांच्या हाती होते.

अंतिम लढतीत ख्रिस एव्हर्टने हेलेना सुकोवाला हरवले. मग मार्टिनासमोर उभी राहिली हाना मांद्लिकोवा. मार्टिना प्रागमध्ये खेळे, तेव्हा लहानगी हाना तिच्या सामन्यांत चेंडू उचलून देत असे. काही आठवड्यांपूर्वीच विंबल्डनच्या अंतिम सामन्यात या दोघी समोरासमोर आल्या होत्या. पहिला सेट ७-५ असा चुरशीचा झाला, दुसरा ६-१. दुहेरीतही मार्टिना आणि पॅम श्रायव्हर यांनी मांद्लिकोवा-सुकोवा जोडीला हरवले आणि अमेरिका ३-० अशी जिंकली. समारोपाच्या वेळी मार्टिनाला अश्रू आवरले नाहीत.

कोणी कोणाचे प्रतिनिधित्व केले, हा हिशेब मात्र त्या दिवशी मिटला नाही. त्याच जुलैमध्ये मांद्लिकोवाने प्रागमध्ये लग्न केले, ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या एका चेक वंशाच्या व्यावसायिकाशी. १९८८ मध्ये ती ऑस्ट्रेलियाची नागरिक झाली. म्हणजे मायदेशाच्या बाजूने उभी असलेली हानाही दोन वर्षांच्या आत दुसऱ्या देशाची झाली. यात तिला दोष द्यावा असे काही नाही. 'देशाचे प्रतिनिधित्व' हा शब्दप्रयोग आपण ज्या सहजतेने वापरतो, तीच येथे अडखळते.

कुंदेरांना चेक नागरिकत्व परत मिळाले ते २०१९ मध्ये. मार्टिनाला ते २००८ मध्येच मिळाले होते आणि तिने अमेरिकेचे सोडलेही नाही. फेडरेशन चषकात दोन्ही देशांकडून मिळून ती एकेरीचे २० सामने खेळली आणि एकही हरली नाही. ते सगळे नोंदवहीत एकाच नावापुढे आहेत.