गतिसंवेदन व स्पर्शसाधने

आपला हात वा पाय कोठे आहे आणि कोणीकडे हलत आहे, हे डोळ्यांनी न पाहता कळणे, यास गतिसंवेदन म्हणतात. अंधारातही घास तोंडाशीच जातो, तो या संवेदनेमुळे. परंपरेने मानलेल्या पाच ज्ञानेंद्रियांत मात्र तिला स्थान नाही. सर चार्ल्स बेल (१७७४–१८४२) यांनी १८२६ मध्ये स्नायूंकडून मेंदूकडे वार्ता जाते असे प्रतिपादिले आणि बास्टिअन यांनी १८८० मध्ये तिला स्वतंत्र नाव दिले. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यास स्नायू मुके मानले जात व या संवेदनेचे श्रेय सांध्यांतील ग्राहींना दिले जाई.

या मताला धक्का बसला तो एका साध्या कंपनयंत्राने. गुडविन, मक्लॉस्की व मॅथ्यूज यांनी १९७२ मध्ये डोळे बांधलेल्या व्यक्तींच्या दंडाच्या कंडरेवर सेकंदास सुमारे १०० कंपने दिली. हात जागचा हलत नसतानाही कोपर सरळ होत आहे, असे त्यांना जाणवले. स्नायूंतील चातीच्या आकाराचे ग्राही कंपनाने चेतविले जातात व मेंदू त्याचा अर्थ ‘स्नायू ताणला जात आहे’ असा लावतो. त्वचेचाही यात वाटा असतो : हाताच्या पाठीवरील त्वचा विशिष्ट रीतीने ताणल्यास न हललेली बोटे हलल्याचा भास होतो, हे कॉलिन्झ व प्रॉचाझ्का यांनी १९९६ मध्ये दाखविले.

ज्याचा अवयवच छेदला गेला आहे त्याच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी निघाले. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सिद्ध केलेल्या जयपूर पायाने अनवाणी चालणे व उकिडवे बसणे शक्य केले. रबराचा हा पाय लवचिक असला, तरी आपण कोठे टेकलो हे तो सांगत नाही. बेंबळीसारख्या गावी नांगरलेल्या काळ्या रानातून जाणाऱ्यास ते सॉकेटमध्ये जाणवणाऱ्या दाबावरून ओळखावे लागते. अंधार पडल्यावर अधिकच.

छेदलेल्या तंत्रिका शस्त्रक्रियेने अन्य स्नायूंकडे वळविलेल्या रुग्णांत अमेरिकेतील मरॅस्को व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्या स्नायूंवर सेकंदास सुमारे ९० कंपने दिली. नसलेली मूठ मिटत असल्याचे रुग्णांना जाणवले व कृत्रिम हात न पाहता वापरणे त्यांना अधिक जमले. गुडघ्याखाली छेद झालेल्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या पोटरीचा काही भाग उरतो. परंतु टाचेची कंडरा तुटलेली असल्याने तो स्नायू नेहमीसारखा ताणला जात नाही. बॉस्टन येथे २०१६ मध्ये छेदाच्या वेळीच परस्परविरोधी स्नायू एकमेकांस जोडण्यात आले. एक आकुंचन पावला की दुसरा ताणला जातो आणि त्यातील ग्राही पुन्हा वार्ता देऊ लागतात.