७० अक्षरांत बारामती

२००६ साली ट्विटर सुरू झालं ते १४० अक्षरांच्या मर्यादेनं. ही मर्यादा एसएमएसमधून आली. रोमन लिपीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावत. त्यातली २० नावासाठी राखलेली.

देवनागरी एसएमएसमध्ये मात्र ७०च मावत. त्यात काना, वेलांटी, अनुस्वारही वेगळे मोजले जात. म्हणजे ‘बारामती’ ७, ‘इंदापूर’ही ७. गावाचं नाव लिहिलं की दहावा हिस्सा संपला! मराठी रोमनमध्ये लिहायच्या सवयीमागे हाही हिशेब होता.

२०१७ मध्ये ट्विटरची मर्यादा २८० झाली. जागेची अडचण सरली, सवय उरली. पण रोमनमध्ये ‘पाणी’ कुणी एका ‘ए’नं लिहितं, कुणी दोन. मग नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाबद्दल आपण लिहिलेलं उद्या शोधणाऱ्याला सापडणार कसं? पहिली पोस्ट देवनागरीतच टाका.