दारावरचा फवारेवाला

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

उंदीर, ढेकूण, झुरळ आणि वाळवी यांना इतिहासाच्या पुस्तकात सहसा जागा मिळत नाही. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांचा इतिहास लिहायचा तर या चौघांना टाळून चालणार नाही. आपल्या दारावर ‘वन बीएचके, वर्षाला तीन सर्व्हिस’ अशी पत्रके पडतात. ती टाकणाऱ्या फवारेवाल्याची वंशावळ मी शोधू लागलो, तेव्हा ती थेट प्लेगपर्यंत जाऊन पोहोचली.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. कल्याणहून एक फाटा नाशिककडे आणि दुसरा पुण्याकडे गेला. माणसे आली, धान्याची पोती आली आणि पोत्यांबरोबर उंदीरही आले. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, तेव्हा लोक मिळेल त्या गाडीने शहराबाहेर पळाले. मग कल्याण स्टेशनावर उतारूंची तपासणी सुरू झाली. ताप असेल, काखेत गाठ असेल, तर उतारूची रवानगी छावणीत व्हायची.

1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारी पथकांना कोणाच्याही घरात शिरण्याची मुभा मिळाली. सामान रस्त्यावर यायचे, कौले उतरवून घरात ऊन घ्यायचे, भिंतींवर कार्बॉलिक आम्लाचा मारा व्हायचा. मुंबईत तर राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी तीन अक्षरे रंगवली जात. पुण्यात या पथकांविषयीचा संताप इतका वाढला की 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि गंमत नव्हे, शोकांतिका अशी की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत दाखवून दिले ते 1898 मध्ये. तोवर आम्लाच्या धारा भिंतींवर पडत होत्या आणि उंदीर शेजारच्या बिऱ्हाडात जात होते. शत्रू कोण हे ठाऊक नसताना केलेली फवारणी म्हणजे काय, हे त्या पिढीने पाहिले.

फवारेवाल्याची दुसरी पिढी मलेरियाची. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचे मूळ वाड्यांतल्या आणि घरांतल्या विहिरींमध्ये दाखवले. विहिरी झाकण्याचे हुकूम निघाले, तसे लोक चिडले. विहिरीचे पाणी देवाला लागते, ते झाकायचे कसे, असा प्रश्न होता.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. 1953 मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाकी कपड्यातला माणूस पाठीवर पंप घेऊन येई, भिंतींवर डीडीटी मारी आणि दारापाशी तारीख लिहून जाई. ही सेवा फुकट होती. तरी नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर पांढरे डाग पडतात म्हणून कुरकुर व्हायची आणि देवघराकडे तर त्याला फिरकू देत नसत. 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या घरात उतरले. पण डास डीडीटीला सरावले, यंत्रणाही सैलावली आणि 1976 मध्ये हा आकडा 64 लाखांवर गेला. औषध तेच, माणूस तोच, पण डास बदलला होता.

ढेकणांसाठी मात्र सरकार कधी आले नाही. चाळीतल्या बायका खाटा उन्हात टाकत, सांध्यांत उकळते पाणी किंवा रॉकेल ओतत. मग टिक ट्वेंटीची बाटली आली, फ्लिटचा हातपंप आला. विष आता किराणा दुकानात मिळू लागले. 1954 मध्ये डीडीटी बनवणारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली आणि त्याच वर्षी पेस्ट कंट्रोल इंडिया ही खासगी कंपनीही सुरू झाली. कीड मारणे हा पैसे घेऊन करायचा धंदा झाला तो असा.

या धंद्याला परवाना कसा लागला, याची कथा मुंबईपासून दूर घडली आहे. 1958 मध्ये केरळात शंभराहून अधिक माणसे विषबाधेने मेली. फॉलिडॉल हे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकाच जहाजातून आला होता. डबे गळले आणि विष पिठात उतरले. चौकशी झाली, तज्ज्ञांची समिती बसली आणि 1968 मध्ये कीटकनाशक कायदा झाला. त्याचा अंमल 1971 पासून सुरू झाला. पुढे पैसे घेऊन फवारणी करणाऱ्यालाही त्यात परवाना बंधनकारक झाला.

आपल्याकडे अनेकांना वाटते की हा परवाना महापालिका देते. ठाण्याची महापालिका 1982 ची, कल्याण-डोंबिवलीची 1983 ची. गटारात औषध मारणे, धूर सोडणे, पाण्याच्या टाकीत डासांच्या अळ्या सापडल्या तर नोटीस देणे ही कामे त्यांची. पण तुमच्या स्वयंपाकघरात फवारणाऱ्या माणसाचा परवाना कृषी खात्याकडून येतो. कारण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेत आणि धान्य होते. डोंबिवलीतल्या चौथ्या मजल्यावरच्या ओट्याखालची झुरळे त्या कायद्यात मागाहून आली.

या परवान्यासाठी नुसता अर्ज पुरत नाही. शेतीची किंवा रसायनशास्त्र घेऊन मिळवलेली विज्ञानाची पदवी लागते आणि म्हैसूर, हैदराबाद येथील संस्थांसारख्या मान्य ठिकाणी किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण लागते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडसारख्या विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्यांसाठी वेगळी, अधिक कडक परवानगी आहे. गोदामातले धान्य धुरी देऊन राखण्यासाठी त्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, पाइपाच्या भोकातून शेजारच्या घरात जातो. ढेकूण मारायला त्या राहत्या घरात ठेवणे म्हणजे झोपलेल्या मुलांच्या जिवाशी खेळणे.

आता खर्चाचे. आमच्या सोसायटीत वाळवी निघाली, तेव्हा कमिटीने तीन दरपत्रके मागवली. सर्वांत स्वस्त दर सर्वांत महाग दराच्या निम्म्याहून कमी होता. साहजिकच सभेत स्वस्ताच्या बाजूने हात वर झाले. मी फक्त एक विचारले, औषध किती लिटर जाणार? भारतीय मानक 6313 मध्ये वाळवीच्या कामाची रीत दिली आहे. बांधून झालेल्या घरात भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर साधारण फुटाफुटावर भोके पाडायची आणि प्रत्येक भोकात जास्तीत जास्त एक लिटर मिश्रण सोडायचे. भिंतीची लांबी आपल्याला माहीत असते. भोके मोजता येतात, लिटर मोजता येतात. त्या हिशेबाने स्वस्त दरात औषध बसतच नव्हते. एक तर पाणी वाढणार होते किंवा भोके कमी होणार होती.

परवाना मागितला तेव्हा त्या माणसाने गुमास्ता परवाना पुढे केला. तो दुकान चालवण्याचा कागद, विष वापरण्याचा नव्हे. हे समजावून सांगितल्यावर सभेने मधल्या दराचा, कागद पूर्ण असलेला ठेकेदार निवडला. काम करायला आलेल्या पोरांच्या हातात मोजे आणि तोंडावर मास्क होता, हे मला दरापेक्षा महत्त्वाचे वाटले. स्वस्त दराची किंमत पुष्कळदा त्या पोरांची फुप्फुसे मोजतात.

कायद्याची एक पळवाटही लक्षात ठेवावी. स्वतःच्या घरात स्वतः वापरलेल्या कीटकनाशकाला या कायद्यातून सूट आहे. तेथे आपणच अधिकारी. म्हणून डब्यावरचा चौकोन पाहायला शिकावे. त्यातला रंगीत त्रिकोण लाल असेल तर विष अत्यंत जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. विषबाधेची लक्षणे आणि उतारा लेबलावरच छापलेला असतो. बिनलेबलाच्या बाटलीतून, पाण्याच्या जुन्या बाटलीतून कोणी औषध ओतू लागला, तर त्याला नमस्कार करून दार लावावे.

1897 मध्ये दारावर आलेल्या पथकाला ‘तुम्ही कोण, काय फवारता’ हे विचारण्याची आपल्या पणजोबांची प्राज्ञा नव्हती. 1953 मध्ये विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण सरकारवर विश्वास होता. आज फवारेवाल्याला आपणच बोलावतो, पैसेही आपणच देतो आणि कायद्याने विचारण्याचा हक्कही दिला आहे. तो आपण वापरत मात्र नाही. आपण विचारतो ते एकच, ‘कमी किती करणार?’ त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कृषी खात्याचा परवाना दाखवा. औषधाचे नाव कागदावर लिहून द्या. डबा माझ्यासमोर उघडा. ज्याला हे प्रश्न खटकत नाहीत, त्याच्याशी मग खुशाल दराची घासाघीस करावी.