प्रसूतीचा भार कोणीं वाहावा?

सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत, आज जेथें कोयनानगर वसलें आहे, त्या खोऱ्यांतील अनेक घरांचा संसार मुंबईच्या गिरण्यांच्या आधारानें चाले. शेती तुटपुंजी, म्हणून घरांतील एखादा पुरुष गिरणगांवांत जाई, आणि कधीं त्याच्यामागून त्याची बायकोहि जाई. अशा एखाद्या घरांतील दोन जावा, श्रोतेहो, आपण डोळ्यांसमोर आणूं. थोरली मुंबईस गिरणींत सूत गुंडाळते, धाकटी गांवीं चिखलांत उभी राहून भातलावणी करते. दोघीहि गरोदर आहेत. श्रमांत कोणी कमी नाहीं; परंतु कायद्याची दृष्टि प्रथम एकीकडेच वळली. तें कसें घडलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रसूतीच्या वेळीं बुडणारी मजुरी कोणीं भरून द्यावी, हा प्रश्न युरोपांत आधीं निघाला. जर्मनीनें १८८३ च्या आजारविम्यांत, आणि इंग्लंडनें १९११ च्या राष्ट्रीय विम्यांत बाळंतिणीची सोय केली. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथील मजूर परिषदेनें ठरविलें कीं, हा खर्च सरकारी तिजोरींतून किंवा विम्यांतून व्हावा. हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून त्या परिषदेस नारायण मल्हार जोशी हजर होते. त्यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिसाहाय्याचें विधेयक आणलें. पण तें फेटाळलें गेलें.

पुढें १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत श्री. आसवले यांचें विधेयक आलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें असल्यामुळें हा भार मुख्यतः सरकारनें उचलावयास हवा, असें त्यांचें मत होतें. तथापि तूर्त तो मालकांवर टाकण्यासहि त्यांनीं अनुमोदन दिलें. १९२९ सालीं कायदा झाला. प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कारखान्यांत कामास लावण्याची मनाई झाली, आणि रजेच्या काळांत दररोज आठ आणे देण्याची जबाबदारी मालकावर आली. मध्यप्रांतानें १९३० सालीं हाच मार्ग धरला.

या व्यवस्थेंत एक उणीव होती. साहाय्याचा पैसा ज्या त्या मालकाच्या खिशांतून जात असल्यामुळें तरुण विवाहित स्त्रीला कामावर ठेवणें त्याला तोट्याचें वाटूं लागे. विम्याचें मर्म येथेंच आहे. सर्वांची वर्गणी एका निधींत जमा होते, म्हणून कोणा एका मालकावर बोजा पडत नाहीं. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यानें हें तत्त्व स्वीकारलें, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजनेचा आरंभ झाला.

हें सारें थोरल्या जावेसाठीं झालें. धाकटीचें काय? पुढें कोयना खोऱ्यांत धरणाचें प्रचंड काम उभें राहिलें; परंतु १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानें प्रथम कारखाने, खाणी आणि मळे यांचाच विचार केला. बांधकामावरील मजुरांकरितां कल्याण मंडळांचा कायदा होण्यास १९९६ साल उजाडलें. शेतांत राबणारीला तर मालकच नव्हता, अथवा रोज नवा होता. मग वर्गणी कोण भरणार?

तिच्यासाठीं सरकारी तिजोरी फार उशिरां उघडली. दवाखान्यांतील प्रसूतीस उत्तेजन देणारी जननी सुरक्षा योजना २००५ सालीं आली. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेसह प्रसूति विनामूल्य करण्यांत आली. परंतु उपचाराचा खर्च वांचणें निराळें आणि बुडालेली मजुरी मिळणें निराळें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेनें मात्र पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये ठरविले. उरलेली रक्कम जननी सुरक्षेंतून भरून निघेल, असा हिशेब मांडला गेला. २०२२ पासून दुसरें अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची तरतूद झाली.

त्याच २०१७ सालीं नोकरीवरील स्त्रीची सवेतन रजा, पहिल्या दोन अपत्यांसाठीं, १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. एकीला सहा महिन्यांचा पगार, दुसरीला एकदांचे पांच हजार! दोघींच्या देहाला विश्रांति मात्र सारखीच लागते. मातेची विश्रांति हें राष्ट्राचें हित, हें तत्त्व १९२८ सालींच मुंबईंत उच्चारलें गेलें होतें. तें खरें मानावयाचें, तर राष्ट्रानें मातेला 'तुझा मालक कोण?' असें विचारण्याचें कारण उरत नाहीं.