तिसऱ्या वर्गातून काशी

शासकीय सेवेत असताना मुंबई ते वाराणसी हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास अनारक्षित डब्यातून करण्याचा योग मला एकदाच आला. दाराशी बॅगेवर बसून काढलेल्या त्या रात्री १९०२ सालचा एक प्रवासी वारंवार आठवत होता.

कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे महिनाभर राहून गांधीजी राजकोटला निघाले, तेही तिसऱ्या वर्गाने. उतारूंचे हाल त्यांना स्वतः अनुभवायचे होते. गोखल्यांनी प्रथम ही कल्पना थट्टेवारी नेली. हेतू कळताच मात्र पुऱ्या आणि लाडवांनी भरलेला डबा बरोबर दिला. बारा आण्यांची पिशवी, घोंगडी, लोटा एवढेच सामान. काशी, आग्रा, जयपूर व पालनपूर येथे एकेक दिवस मुक्काम. भाड्यासह खर्च अवघा ३१ रुपये! काशीत ते सामान्य यात्रेकरूप्रमाणे पंड्याकडेच उतरले.

निरोपाला गोखले स्थानकावर आले. पहिल्या वर्गाने जाणार असता तर आलो नसतो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या डोक्यावर रेशमी पागोटे होते. सोबतचे प्रफुल्लचंद्र राय, रसायनशास्त्राचे नामांकित प्राध्यापक, साध्या बंगाली वेषात. तिकीट तपासनिसाने अडवले ते त्यांनाच. गोखल्यांनी ओळख दिल्यावर ते आत आले.

तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला. माझ्या प्रवासात वाटेतल्या एका स्थानकावर तपासनीस चढले. शेजारच्या मजुरांची तिकिटे त्यांनी उलटसुलट करून पाहिली. माझा सदरा इस्त्रीचा होता. पुढे केलेले तिकीट माझ्या हातातच राहिले.