घरच्या संगणकावरची मराठी : बिघाड, मानके आणि ऑपरेटिंग सिस्टिम

घरातल्या जुन्या संगणकावर एखादी मराठी फाइल उघडावी आणि अक्षरांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसावीत, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. घरात अशा वेळी दोनच निदाने होतात. एक म्हणजे व्हायरस आला आणि दुसरे म्हणजे विंडोज बिघडली. प्रत्यक्षात यंत्र बहुधा ठणठणीत असते. फाइल एका काळातल्या नियमांनी लिहिलेली असते आणि संगणक ती दुसऱ्या काळातल्या नियमांनी वाचत असतो. हे नियम कोणी केले, कोणी पाळले आणि कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमने ते केव्हा स्वीकारले, हा इतिहास आपण या पाठात पाहणार आहोत. तो समजला की घरच्या संगणकावरची ही दुरुस्ती बरीचशी तुमची तुम्हाला करता येते.

आरंभ लखनौजवळच्या एका लहान रेल्वे स्थानकापासून करू. लखनौहून कानपूरकडे निघालेली गाडी शहर सोडता सोडता मानक नगर स्थानकातून जाते. हिंदीत ‘मानक’ म्हणजे प्रमाण, स्टँडर्ड. भारतीय रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेचे, म्हणजे आरडीएसओचे, मुख्यालय इथे आहे. १९३० चे सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ चे रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये ही संघटना उभी राहिली. रूळ, डबे, इंजिने, सिग्नल यांची मापे आणि विनिर्देश ठरवणे हे तिचे काम.

रेल्वेला मानकांची किंमत फार लवकर कळली होती. मिरज स्थानकात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या येत. १६७६ मिलिमीटरच्या रुळावरचा डबा १००० मिलिमीटरच्या रुळावर जाऊ शकत नाही. माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. वेळ जायचा, मजुरी जायची, थोडा माल सांडायचाही. मराठी मजकुराचे नेमके हेच झाले. आणि गंमत अशी, की भारतीय लिप्यांच्या संगणकीय मानकाची पायाभरणी ज्या कानपुरात झाली, ते मानक नगरहून याच लोहमार्गावर साधारण ७०-७५ किलोमीटर पुढे आहे.

कानपूर ते पुणे

आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या आसपास देवनागरीसाठी संगणक घडवण्याचे काम सुरू होते. १९८३ मध्ये दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा तिथे देवनागरीत चालणारा संगणक लोकांसमोर मांडला गेला. या कामातून ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान आकाराला आले. मोहन तांबे हे त्यामागचे प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि जिस्टचा गट तिथे आला. सी-डॅकचे नाव निघाले की सगळे परम महासंगणकाबद्दल बोलतात. माझ्या मते घराघरांत पोहोचलेले काम मात्र जिस्टचे होते.

या गटाने मांडलेली मूळ कल्पना साधी होती. संगणकाने अक्षराचा आकार साठवायचा नाही, अक्षर साठवायचे. ‘क्ष’ कसा दिसतो याच्याशी साठवणीला कर्तव्य नाही. ‘क’, हलन्त, ‘ष’ एवढेच नोंदवायचे, जोडाक्षराचे चित्र पडद्यावर दाखवताना तयार करायचे. भारतीय लिप्या बहुतांशी एकाच वर्णमालेवर उभ्या असल्याने एकच संकेतावली अनेक लिप्यांना पुरली. तिचे नाव इस्की. भारतीय मानक ब्यूरोने ती १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. इनस्क्रिप्ट हा कीबोर्डही त्याच मानकाचा भाग आहे. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजने. ‘क’ इंग्रजी के च्या कळीवर, ‘ख’ त्याच कळीवर शिफ्ट दाबून. मराठीला हवा असलेला ‘ळ’ शिफ्टसह एन वर आहे.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९१ मध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातला देवनागरीचा १२८ जागांचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. म्हणजे १९९१ सालीच देशी आणि जागतिक अशी दोन्ही मानके हाताशी होती. मग पुढची दहा-पंधरा वर्षे मराठी मजकुराची अशी दैना का झाली? उत्तर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे.

डॉस, विंडोज ९५ आणि आकारांचा बाजार

डॉसच्या काळात जिस्टचे एक कार्ड संगणकात बसवावे लागे. डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या प्रोग्रामला आपण साधा मजकूर लिहितो आहोत असेच वाटायचे; कार्ड मध्येच ते संकेत पकडून पडद्यावर देवनागरी उमटवायचे. उपाय उत्तम, पण कार्डाला पैसे पडत. त्यामुळे ते कार्यालयांत गेले, घरांत फारसे नाही.

विंडोज ३.१ आणि विंडोज ९५ आल्यावर चित्र पालटले. आता फॉन्टमध्ये हवा तो आकार काढता येत होता, कार्डाची गरज उरली नाही. पण विंडोज ९५ किंवा ९८ ला देवनागरी ही लिपी आहे हे ठाऊकच नव्हते. जोडाक्षर कसे बांधायचे, वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी दाखवायची, यातले काहीही ती करत नसे. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी आडमार्ग घेतला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: काना, अर्धा ‘स’, रफार, ‘द्ध’. जागा २५६ हून कमी आणि तुकडे भरपूर, म्हणून प्रत्येकाने आपापल्या सोयीने मांडणी केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची एक, खुद्द सी-डॅकच्या आयएसएम पॅकेजमधल्या फॉन्टांची दुसरी, उत्तरेत गाजलेल्या कृतिदेवची तिसरी.

उदाहरण पाहा. कृतिदेवमध्ये ‘मानक नगर’ टंकले, की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीतील ई, के, यू, डी आणि पुढे यू, एक्स, जे एवढीच अक्षरे साठवली जातात. फॉन्ट असेल तर पडद्यावर ‘मानक नगर’ दिसते, फॉन्ट काढला की इंग्रजी गिचमिड उरते. संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये मराठी किंवा हिंदीचे एकही अक्षर नाही. शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही.

यात फॉन्ट कंपन्यांनी लबाडी केली असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ऑपरेटिंग सिस्टिम काही देत नव्हती आणि छापखान्यांचे काम थांबणार नव्हते. टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या हजारोंच्या बोटांत टाइपरायटरची मांडणी बसली होती, तीही या पॅकेजांनी सांभाळली. काही पॅकेजांना संगणकाच्या मागे लावायचे डोंगलचे कुलूप असे आणि फॉन्टची मांडणी उघड केली जात नसे. दोष द्यायचाच तर या बंदिस्तपणाला देता येईल. घरोघरी लिहिलेले प्रबंध, कुलवृत्तान्त, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांचे मजकूर अशा खासगी मांडण्यांत अडकून बसले, आणि त्यातले पुष्कळ अजून तिथेच आहेत.

विंडोज २००० पासून पुढे

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ या भाषांना प्रथमच ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर स्थान दिले. सोबत मंगल हा फॉन्ट आला. २००१ च्या एक्सपीमध्ये आणखी भाषा आल्या. पण एक्सपीत ही सोय आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या खिडकीत जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’समोर खूण करायची, आणि मग संगणक मूळ सीडी मागायचा. ज्यांचा संगणक गल्लीतल्या दुकानदाराने जोडून दिला होता, त्यांच्याकडे सीडी कुठली असणार! एका खुणेपायी मराठी नीट दिसत नाही असे कितीतरी संगणक त्या काळात होते. व्हिस्टापासून ही सोय जन्मतःच चालू मिळू लागली.

लिनक्सची वाट वेगळी होती. तिथे अडचण परवान्याची नव्हती, एकवाक्यतेची होती. ग्नोमसाठी पँगो, केडीईसाठी क्यूटी आणि ओपनऑफिससाठी आयसीयू अशी अक्षरजुळणीची तीन वेगवेगळी यंत्रणा काम करत. त्यामुळे एकाच यंत्रावर एकच शब्द दोन खिडक्यांत निराळा दिसू शके. पुढे हार्फबझ ही सामाईक यंत्रणा आली आणि हा गोंधळ पुष्कळ निवळला. आज अँड्रॉइड फोन, क्रोम आणि फायरफॉक्सही तीच वापरतात. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हे मुक्त फॉन्ट प्रसिद्ध केले. ते घडवले होते मॉड्युलर इन्फोटेकनेच, श्री-लिपीवाल्यांनी. बंद मांडणी आणि खुला फॉन्ट या दोन्ही गोष्टी पुण्यातल्या एकाच कंपनीतून निघाल्या. २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारित बॉस ही भारतीय लिनक्सही काढली.

लक्षणावरून निदान

आता या इतिहासाचा उपयोग करू. फाइल उघडल्यावर काय दिसते ते नीट पाहा, कारण प्रत्येक लक्षण वेगळा काळ सांगते.

चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या अक्षराचा आकार फॉन्टमध्ये नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० साली. एक्सपीच्या मूळ फॉन्टला ही दोन्ही माहीत नाहीत. नवा फॉन्ट घाला, काम झाले.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मजकूर युटीएफ-८ मध्ये आहे आणि प्रोग्राम तो जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीने वाचतो आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यातला पहिला बाइट असा दिसतो. फाइल उघडताना एन्कोडिंग बदला. या अवस्थेत ती जतन मात्र करू नका.

साधी इंग्रजी गिचमिड असेल तर फाइल फॉन्टांच्या बाजारातली आहे. आधी फॉन्टचे नाव शोधा. वर्डच्या फाइलमध्ये ते बहुधा नोंदलेले असते. मग त्या फॉन्टचा परिवर्तक वापरा, पण मूळ फाइल ठेवूनच. परिवर्तक वेलांटी आणि रफार यांवर हमखास अडखळतात. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. मिरजेला माल बदलताना जे सांडायचे ते इथे सांडते.

सगळीकडे प्रश्नचिन्हेच असतील तर वाईट बातमी आहे. कोणीतरी युनिकोड मजकूर जुन्या ‘एएनएसआय’ पद्धतीने जतन केला आणि अक्षरे कायमची गेली. विंडोजच्या नोटपॅडमध्ये युटीएफ-८ ही मूळ निवड झाली ती २०१९ मध्ये. त्याआधी इशाऱ्याची खिडकी न वाचता ओके दाबणाऱ्यांनी असे पुष्कळ गमावले. फाइलची दुसरी प्रत शोधणे हाच उपाय.

कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बरी?

आज हा प्रश्न तुम्हाला खरोखरच पडेल, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुने अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. नुसते मराठी वाचायला-लिहायला दोन्हीकडे आता फारसे कमी-जास्त नाही. विंडोजवर निर्मला फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट आहे, लिनक्सवर लोहित, नोटो आणि तेच इनस्क्रिप्ट. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून, काहीही न पुसता पाहता येते, हा तिचा मोठा फायदा. पण घरात श्री-लिपीसारखे जुने पॅकेज अजून वापरात असेल तर घाई करू नका, ते विंडोजसाठीच बनले होते. नवी विंडोजही तिथे कामी येईलच असे नाही. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि जुन्या डोंगलचे ड्रायव्हर मिळत नाहीत. तेव्हा जुने यंत्र चालू आहे तोवर त्यातला मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्या आणि छापील प्रतही ठेवा.

मानक स्वीकारल्यानंतरही एक गाठ राहिली आहे, आणि ती खास मराठीची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. दुसऱ्या शब्दातला भुवईसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती वैध आहेत: एक ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते निरनिराळे शब्द वाटतात. एका रीतीने टंकलेला ‘शेतकऱ्यांचा’ दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असे नाही.

स्वाध्याय म्हणून हे करून पाहा. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ दाबून ‘ऱ्या’चा पूर्वार्ध टंका. नंतर फोनवरच्या कीबोर्डने तोच शब्द लिहून त्याच फाइलमध्ये घ्या आणि एकाने दुसरा शोधा. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर निकाल नोंदवा, वापरलेल्या प्रोग्रामच्या नावासह.