ओकहॅमचा नाल

दाराच्या चौकटीवर घोड्याचा नाल ठोकलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. परंतु एखाद्या जिल्ह्याने आपल्या मानचिन्हावर आणि ध्वजावर नालच मिरवावा, याचे आम्हांला प्रथम नवल वाटले. हा जिल्हा म्हणजे रटलंड, इंग्लंडमधील सर्वांत लहान ऐतिहासिक काउंटी. त्याच्या हिरव्या ढालीवर ओकची सोनेरी फळे विखुरलेली असून मध्यभागी सोनेरी नाल आहे. हे मानचिन्ह १९५० साली बहाल झाले. नालाची कथा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे.

ओकहॅम हे रटलंडचे मुख्य गाव. तेथील गढीचा दगडी दिवाणखाना वॉकेलिन द फेरर्स याने ११८० ते ११९० च्या सुमारास बांधला. फेरर्स घराणे मूळचे नॉर्मंडीतील. त्यांच्या नावातच लोखंड दडलेले आहे आणि नाल ही त्या घराण्याची खूण. ओकहॅममध्ये प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक उमरावाने तेथील जहागीरदाराला एक नाल द्यावा, असा दंडक पडला. मोठ्यांनी लहान गावाला द्यावयाचा हा कर! आज दिवाणखान्याच्या भिंतींवर दोनशेहून अधिक नाल टांगलेले आहेत. त्यांतील सर्वांत जुना चौथ्या एडवर्ड राजाने १४७० च्या सुमारास दिला असे मानतात. राणी दुसऱ्या एलिझाबेथचाही नाल तेथे आहे. पुष्कळसे नाल इतके प्रचंड व नक्षीदार, मुकुटांनी मढवलेले आहेत की ते कोणत्याही घोड्याच्या खुराला बसणार नाहीत. कर भरतानाही बडेजाव सुटत नाही, असे आम्हांला हसून म्हणावेसे वाटते.

हे सारे नाल टोके खाली करून लावलेले आहेत. अन्यत्र लोक टोके वर ठेवतात, नाहीतर भाग्य सांडून जाईल असे त्यांना वाटते. रटलंडकर म्हणतात, टोके वर ठेवली तर त्या खोबणीत सैतान येऊन बसेल. सैतान आणि नाल यांची सांगड घालणारी एक ख्रिस्ती आख्यायिकाही इंग्लंडमध्ये आहे. दहाव्या शतकातील कँटरबरीचे महागुरुस्वामी संत डन्स्टन हे धातुकामात निपुण होते. त्यांनी सैतानाच्या खुरालाच नाल ठोकला आणि जेथे नाल असेल त्या घरात शिरणार नाही, असे वचन त्याच्याकडून घेतले, अशी ती कथा. रटलंडच्या ढालीवरील नालाचीही टोके खालीच आहेत. तथापि यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, कारण इंग्लंडच्या मानचिन्हांत नाल असाच रेखाटण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे.

१ एप्रिल १९७४ रोजी कारभाराच्या सोयीसाठी रटलंड लेस्टरशायरमध्ये विलीन करण्यात आले. शतकानुशतकांचा जिल्हा कागदावरून पुसला गेला. लोकांना ते रुचले नाही. दिवाणखाना आणि त्यातील नाल मात्र जागच्या जागी राहिले. पुढे तेवीस वर्षांनी, १ एप्रिल १९९७ रोजी, रटलंडला स्वतःचा कारभार परत मिळाला. ‘थोडक्यात पुष्कळ’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य मिरवणाऱ्या या इवल्याशा जिल्ह्याच्या ध्वजावर आजही तोच सोनेरी नाल आहे, टोके खाली केलेला.